‘सगळं नीटच व्हायला हवं’ हे ओझं, नात्यातली धास्ती आणि माणूस गेल्याचं दुःख: १४४१६ वर काय मिळतं, काय मिळत नाही

केंद्र सरकारच्या २०२२-२३ च्या अर्थसंकल्पात फोनवरून मानसिक आरोग्य सेवा देण्याची घोषणा झाली. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, ‘टेली-मानस’ सुरू झाली. क्रमांक १४४१६. तो लागला नाही तर १८००-८९१-४४१६. दोन्ही मोफत, दिवसरात्र चालू. २०२५ च्या मध्यापर्यंत या सेवेवर २० लाखांहून जास्त कॉल आले होते. आकडा मोठा दिसतो, पण देशाची लोकसंख्या पाहिली तर फार नाही. रेशन, गॅस, आयुष्मान कार्ड, पेन्शन यांची चौकशी करायला कोणी लाजत नाही. या क्रमांकाची चौकशी करताना मात्र आवाज खाली जातो. ‘ते वेड्यांसाठी असतं’ हा समज अजून घट्ट आहे.

तो समज चुकीचा आहे आणि त्याची किंमत बायका मोजतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात आत्महत्येने गेलेल्या ४८,१७२ स्त्रियांची नोंद आहे. त्यांतल्या २५,३०९ गृहिणी होत्या, म्हणजे निम्म्याहून अधिक. स्त्री-पुरुष सगळे मिळून नोंदलेल्या कारणांत ‘कौटुंबिक समस्या’ हे सर्वांत वरचं कारण होतं. कौटुंबिक समस्या या दोन शब्दांत काय काय भरलेलं असतं, ते घरात राहणाऱ्या बाईला सांगावं लागत नाही.

या लेखात तीन गोष्टींपुरतंच बोलू. कामात कुठेही उणं राहू नये म्हणून चाललेली ओढाताण, नात्याबद्दलची सततची धास्ती आणि जवळचं माणूस गेल्यानंतरचा शोक. यांतली पहिली आणि दुसरी हे आजार नव्हेत, आणि तिसरा तर माणूसपणाचाच भाग आहे. पण तिन्हींतून चिंता आणि नैराश्य वाढू शकतं, आणि तिन्हींवर बोलण्यातून होणारा उपचार उपलब्ध आहे. ‘थेरपी’ म्हणतात ती हीच. गोळी लागेलच असं नाही.

नावं ठेवली जातील म्हणून

सांख्यिकी मंत्रालयाने २०२४ मध्ये वेळेच्या वापराची पाहणी केली. विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात, घरकाम करणारे पुरुष ८८ मिनिटं. जवळजवळ पाच तास आणि दीड तास. हा आकडा मनाच्या लेखात कशासाठी, असं वाटेल. कारण ‘तू स्वतःकडून फार अपेक्षा ठेवतेस’ असं एखाद्या बाईला सांगणं सोपं असतं. पाच तासांचं काम रोज तपासलं जातं, भाजीत मीठ कमी पडलं की बोललं जातं आणि नीट झालं तर कोणी काही म्हणत नाही. अशा घरात उणं राहू नये ही धास्ती तिने एकटीने तयार केलेली नाही. ‘लोक नावं ठेवतील’ हे वाक्य आपण लहानपणापासून ऐकतो.

तरी एक टप्पा असा येतो की बाहेरचं कोणी बोललं नाही तरी आतला आवाज थांबत नाही. बचत गटाचा हिशेब तीन वेळा जुळला तरी चौथ्यांदा मांडला जातो. मुलीला दोन गुण कमी पडले तर आई म्हणून आपण कमी पडलो असं वाटतं. आशाताई आणि अंगणवाडी सेविका यांच्या कामात तर मोबाइलवरच्या नोंदी, रजिस्टर आणि वरून येणारे फोन यांची भर असते. एखादी नोंद चुकली असेल या विचाराने झोप लागत नाही. पाहुणे येणार म्हटलं की दोन दिवस आधीपासून पोटात गोळा येतो. काम चोख करायची आवड असणं वेगळं. इथे काम चोख झाल्यावरही आनंद होत नाही, फक्त पुढच्या कामापर्यंत थोडी उसंत मिळते.

यावरच्या उपचारात समुपदेशक उपदेश करत नाही, निदान करू नये. विचार आणि वागणूक यांवर काम करणाऱ्या पद्धतीत छोटे प्रयोग करायला सांगतात. उदाहरणार्थ, आज रात्री दोन भांडी मुद्दाम न घासता ठेवायची. आधी कागदावर लिहायचं की काय होईल असं वाटतं. सकाळी पाहायचं की खरंच काय झालं. प्रयोग हास्यास्पद वाटेल, पण ज्या बाईने वीस वर्षांत एकदाही ओटा पुसल्याशिवाय दिवा मालवलेला नाही, तिला त्या रात्री काय वाटतं ते तिलाच ठाऊक. अशा प्रयोगांतून मनातली भीती आणि प्रत्यक्षातलं नुकसान यांतलं अंतर हळूहळू दिसायला लागतं. आणि सासूबाई खरोखरच बोलल्या, तर त्यांना काय उत्तर द्यायचं हाही पुढच्या भेटीचा विषय होतो.

धास्ती की धोका, हे आधी ठरवा

नवरा कामाला दुसऱ्या राज्यात आहे. फोन उचलला नाही की मन नको तिकडे धावतं. पुन्हा फोन, मग मेसेज, मग भांडण, मग ‘तसं काही नाही’ हे ऐकून तासाभराची शांतता, आणि संध्याकाळी पुन्हा तेच. लग्न ठरलेल्या मुलींमध्ये, प्रेमात असलेल्यांमध्ये, एकदा फसवणूक झालेल्यांमध्ये हा फेरा दिसतो. खात्री मागायची, ती मिळाली की बरं वाटायचं, आणि तेवढ्यानेच पुढच्या वेळी खात्रीची गरज वाढायची. उपचारात हा फेरा मध्येच तोडायला शिकवतात. फोन करावासा वाटला तर आधी पंधरा मिनिटं थांबायचं, मग अर्धा तास, आणि त्या वेळात मनात काय येतं ते पाहायचं. लहानपणी कोणी सोडून गेलं होतं का, यावरही कधी बोलणं निघतं.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. मारहाण होत असेल, पैसे काढून घेतले जात असतील, घरातून हाकलण्याची धमकी असेल, फोन तपासला जात असेल, तर ती ‘नात्यातली चिंता’ नव्हे. ती खरी भीती आहे आणि तिचं कारण तुमच्या स्वभावात नाही. अशा बाईला शांत राहायला शिकवणारी थेरपी तिच्या विरुद्धच वापरली जाते. घरगुती हिंसाचारापासून संरक्षणाचा २००५ चा कायदा मारहाणीबरोबरच शिवीगाळ, मानसिक छळ आणि आर्थिक कोंडी यांनाही हिंसाच मानतो. यासाठी १८१ ही महिला हेल्पलाइन आहे आणि जिल्ह्याजिल्ह्यांत ‘सखी’ वन स्टॉप सेंटर आहेत. ही योजना १ एप्रिल २०१५ पासून सुरू आहे, आता ती मिशन शक्तीच्या ‘संबल’ भागात येते, आणि देशभर ८०० हून अधिक केंद्रं चालू आहेत. तिथे वैद्यकीय मदत, पोलिसांची मदत, कायदेशीर सल्ला, तात्पुरता निवारा आणि मानसिक समुपदेशन एकाच छताखाली मिळावं अशी रचना आहे. वकिलाचा खर्च ही अडचण असेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे १५१०० वर विचारा. स्त्रियांना ही मदत उत्पन्नाची अट न लावता मोफत आहे.

समुपदेशनाच्या नावाखाली ‘थोडं सांभाळून घे’ एवढंच कोणी सांगत असेल तर ते समुपदेशन नव्हे, समेट घडवण्याची घाई आहे. तुम्ही दुसरा समुपदेशक मागू शकता. धोका तातडीचा असेल तर थेट ११२.

शोक आणि कागदपत्रं

माणूस गेल्यानंतरचे पहिले महिने बाईकडून दोन उलट गोष्टी मागतात. एकीकडे तिने रडावं, पांढरं नेसावं, कोपऱ्यात बसावं अशी अपेक्षा. दुसरीकडे त्याच आठवड्यांत मृत्यूची नोंद, बँक, रेशनकार्डातलं नाव, पेन्शनचा अर्ज हे सगळं तिच्याच गळ्यात. मनावरच्या बहुतेक लेखांत या दुसऱ्या भागाचा उल्लेखही नसतो. आमच्या मते योजनांच्या लाभार्थी स्त्रियांसाठी शोकाचा निम्मा भार तिथेच आहे. पुढे खायचं काय याची शाश्वती नसेल तर दुःख करायलाही सवड मिळत नाही.

म्हणून आधी कागदांचं. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत केली तर शुल्क लागत नाही, पुढे मात्र ती किचकट होत जाते. हे काम तुम्हीच करायला हवं असं नाही, भाऊ, दीर, शेजारी, कोणालाही पाठवा. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबातली १८ ते ५९ वयाची मुख्य कमावती व्यक्ती गेली असेल तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकदाच २०,००० रुपये मिळतात. इंदिरा गांधी राष्ट्रीय विधवा निवृत्तिवेतन योजनेत ४० ते ७९ वयाच्या, दारिद्र्यरेषेखालच्या विधवांना केंद्राकडून महिना ३०० रुपये मिळतात आणि राज्यं त्यात आपापली भर घालतात. ३०० रुपयांत काय होतं हा प्रश्न रास्त आहे, आणि केंद्राने ही रक्कम बरीच वर्षं वाढवलेली नाही. राज्याची भर किती, हे तहसील कार्यालयात किंवा सेवा केंद्रात विचारा. गेलेल्या माणसाच्या बँक पासबुकात दरवर्षी ४३६ किंवा २० रुपये कापल्याची नोंद दिसते का, तेही पाहा. ४३६ रुपये हा प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याचा हप्ता आहे, २० रुपये सुरक्षा विम्याचा. पहिल्यात मृत्यू झाल्यास आणि दुसऱ्यात अपघाती मृत्यू झाल्यास वारसाला २ लाख रुपये मिळतात. कित्येक घरांत विमा होता हेच कोणाला माहीत नसतं.

आता मनाचं. शोक हा आजार नाही. वर्षश्राद्धाला रडू आलं, सणाला ताट वाढताना हात थांबला, त्याच्या चपला दारातून काढवत नाहीत, हे सगळं स्वाभाविक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या यादीत, जी जानेवारी २०२२ पासून लागू झाली, ‘लांबलेला शोक’ अशी वेगळी नोंद आहे. किमान सहा महिने उलटले, आपल्या समाजाच्या रीतीपेक्षा खूप जास्त काळ गेला, आणि तरी ओढ किंवा वेदना इतकी तीव्र आहे की रोजचं जगणं ठप्प झालं आहे, अशा वेळी ती लागू होते. रीतीचा विचार करा, असं त्या व्याख्येतच म्हटलेलं आहे, हे महत्त्वाचं. सहा महिने झाले म्हणून कोणी तुम्हाला आजारी ठरवू शकत नाही.

उपचारात काय होतं? गेलेल्या माणसाविषयी बोलायला जागा मिळते. घरात सगळे विषय टाळतात, ‘तिच्यासमोर नको’ म्हणून, आणि ती मुलांसमोर नको म्हणून. समुपदेशक त्या शेवटच्या दिवसाविषयी विचारतो. मी आधी दवाखान्यात नेलं असतं तर, ही टोचणी उघड बोलता येते. टाळलेल्या जागी, म्हणजे त्या रस्त्याने, त्या शेतात, त्या दवाखान्याच्या दारात, हळूहळू परत जायला मदत होते. सोबतच पुढचं आयुष्यही असतं. बँकेचं खातं चालवणं, मुलांच्या फीचा निर्णय, पुन्हा रंगीत साडी नेसायची की नाही.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये ठराव केला की पती गेल्यावर बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र काढणं या प्रथा गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन केलं. ठरावाने प्रथा एका दिवसात जात नाही. पण ज्या क्षणी बाईला आधार हवा त्याच क्षणी चारचौघांत तिच्यावर हे सगळं केलं जातं, ही जखम शोकाहून वेगळी असते, आणि ती पुसायला नुसती थेरपी पुरत नाही.

एका शोकाला तर नावही मिळत नाही, तो म्हणजे गर्भपात होऊन गेलेल्या बाळाचा. ‘अजून वय आहे’ म्हणून विषय संपवला जातो. मातृत्व लाभाच्या कायद्यात बसणाऱ्या नोकरीत असाल तर गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा हा तुमचा हक्क आहे, एवढं लक्षात असू द्या.

फोन केल्यावर

१४४१६ लावल्यावर भाषा निवडता येते. सेवा २० भाषांत आहे, मराठी त्यांत आहे. बडोदा, इंदूर, बेळगाव किंवा हैदराबादला राहणाऱ्या मराठी बायकांनी हे आवर्जून वापरावं. बाजारहाट दुसऱ्या भाषेत जमतो, रडणं बहुधा आईच्याच भाषेत जमतं. फोनवर आधी प्रशिक्षित समुपदेशक बोलतात. गरज दिसली तर मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा जवळच्या सरकारी रुग्णालयाकडे पाठवतात. देशभर अशी ५३ केंद्रं आहेत आणि बंगळूरुची निम्हान्स संस्था त्यांची प्रमुख आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये मोबाइल ॲपही आलं.

घरात एकच फोन असेल आणि तो नवऱ्याकडे किंवा मुलाकडे असेल, तर समुपदेशकाला सुरुवातीलाच सांगा की परत फोन कोणत्या वेळी चालेल आणि कोणत्या नंबरवर नको. बोलणं झालं की कॉलच्या यादीतून नंबर काढून टाकता येतो.

मात्र एका फोनमध्ये थेरपी होत नाही. ज्या तिन्ही गोष्टी वर सांगितल्या त्यांना सलग काही आठवड्यांच्या भेटी लागतात, आणि टेली-मानसची मुख्य ताकद आधार देणं आणि पुढची वाट दाखवणं ही आहे. पुढची वाट म्हणजे जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम. तो १९९६ मध्ये सुरू झाला आणि आज ७६७ जिल्ह्यांसाठी मंजूर आहे. जिल्हा रुग्णालयात त्याची बाह्यरुग्ण सेवा विचारा. आयुष्मान कार्डाबद्दल गैरसमज नको. वर्षाला ५ लाखांचं संरक्षण हे रुग्णालयात दाखल होण्यासाठी आहे. दर आठवड्याच्या समुपदेशनाचा खाजगी खर्च त्यातून निघत नाही.

नाव लागेल याची भीती

मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ मध्ये झाला आणि पुढच्या वर्षी लागू झाला. त्यातली चार वाक्यं प्रत्येक बाईला माहीत असावीत. सरकारी किंवा सरकारी पैशावर चालणाऱ्या सेवेतून परवडणारे, चांगल्या दर्जाचे उपचार मिळणं हा हक्क आहे. दारिद्र्यरेषेखालच्या, निराधार किंवा बेघर व्यक्तीला सरकारी मानसिक आरोग्य संस्थांत उपचार मोफत आहेत. उपचारांची माहिती गोपनीय ठेवणं बंधनकारक आहे. आणि मानसिक आजार आहे एवढ्यावरून कोणी ‘वेडसर’ ठरत नाही, ते ठरवण्याचा अधिकार न्यायालयाचा आहे.

‘समुपदेशनाला गेलीस तर सोडचिठ्ठी देईन’ ही धमकी काही घरांत ऐकू येते. हिंदू विवाह कायद्यात मानसिक विकार हे घटस्फोटाचं एक कारण आहे, पण तो असा आणि इतका असावा लागतो की जोडीदाराने सोबत राहावं अशी वाजवी अपेक्षाच करता येऊ नये. चिंता वाटते म्हणून समुपदेशकाशी बोलणं त्यात कुठेच बसत नाही.

जगणं नको वाटत असेल तर तेही फोनवर स्पष्ट सांगा. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच २०१७ चा कायदा गृहीत धरतो, आणि जुन्या दंड संहितेतलं ३०९ हे कलम जुलै २०२४ पासूनच्या भारतीय न्याय संहितेत नाही. पोलिसांच्या भीतीने गप्प बसू नका.

पैसा आणि माणसं

आता टीका. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात मानसिक आरोग्यासाठी सुमारे १,००४ कोटी रुपये ठेवले गेले. त्यांतले ८६० कोटी एकट्या निम्हान्सला, सुमारे ६५ कोटी तेजपूरच्या संस्थेला आणि टेली-मानसला सुमारे ८० कोटी. आदल्या वर्षी टेली-मानसची तरतूद ९० कोटी होती. कॉल वाढत असताना पैसा कमी का, याचं समाधानकारक उत्तर मिळायला हवं. देशात एक लाख लोकांमागे पाऊण मानसोपचारतज्ज्ञ आहे, म्हणजे पुरता एकही नाही. असायला हवेत किमान तीन. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात नैराश्य असलेल्या दर शंभरांपैकी सुमारे ८५ जणांना उपचार मिळत नसल्याचं आढळलं होतं.

इतके डॉक्टर लवकर तयार होणार नाहीत. पण बोलण्याच्या उपचाराला दर वेळी डॉक्टर लागतोच असंही नाही, हे गोव्याने दाखवलं आहे. तिथल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत ‘संगत’ संस्थेने नैराश्याच्या ४९५ रुग्णांवर अभ्यास केला आणि तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. समुपदेशन करणारे स्थानिक लोक होते, मानसशास्त्राची पदवी नसलेले, प्रशिक्षण दिलेले. सहा ते आठ भेटी, प्रत्येकी अर्धा-पाऊण तासाची, केंद्रात किंवा घरी. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के नैराश्यातून बाहेर आले होते, इतरांपैकी ३९ टक्के. नाशिकच्या पेठ तालुक्यात आणि नंतर गुजरातमध्ये मेहसाणा जिल्ह्यात ‘आत्मीयता’ उपक्रमाने गावातल्याच माणसांना ऐकून घ्यायला आणि सरकारी योजनांपर्यंत पोहोचवायला शिकवलं. पेन्शनचा अर्ज आणि मनाचा आधार एकाच हातून, ही त्यातली चांगली गोष्ट.

देशात पावणेदोन लाखांच्या आसपास आयुष्मान आरोग्य मंदिरं आहेत आणि मानसिक आरोग्य त्यांच्या सेवांच्या यादीत आहे. तुमच्या गावच्या केंद्रात ही सेवा प्रत्यक्षात कोणत्या वारी आणि कोण देतं, हे तिथल्या आरोग्य अधिकाऱ्याला विचारा. उत्तर ‘अजून नाही’ असं आलं तर ग्रामसभेत तोच प्रश्न लेखी मांडता येतो, आणि ग्रामसेवकाला तो इतिवृत्तात नोंदवायला सांगता येतं.